फ्रान्सिनाबाई सोराबजी

श्रोतेहो, कॉर्नेलिया सोराबजी हें नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर, ऑक्सफर्ड येथें कायद्याचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या स्त्री, हिंदुस्थानांतील आद्य स्त्री-वकिलांपैकीं एक, अशा शब्दांनीं त्यांचा परिचय करून देण्याची रीत पडून गेली आहे. २०१२ सालीं लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेंत त्यांचा अर्धपुतळाही बसविण्यांत आला. लेकीचें नांव असें सातासमुद्रांपलीकडे पोहोंचलें. परंतु जिनें तिला वाढविलें, शिकविलें आणि आयुष्यांत काय करावयाचें ती दिशाही दाखविली, त्या माउलीचें नांव तिच्या कर्मभूमींत, म्हणजे खुद्द पुण्यांतही, आज फारसें कोणास ठाऊक नाहीं. त्या माउलीविषयीं, फ्रान्सिनाबाई सोराबजी यांच्याविषयीं, मी आज चार शब्द सांगणार आहें.

फ्रान्सिनाबाईंनीं राज्यकारभार केला नाहीं कीं ग्रंथांच्या राशी लिहिल्या नाहींत. त्या शाळा चालवीत, मुलें वाढवीत आणि रविवार आला कीं प्रार्थनेस जात. या तीन गोष्टी करणाऱ्या स्त्रिया जगांत असंख्य आहेत. मग यांचेंच चरित्र कां सांगावें? माझें उत्तर असें कीं, या तिन्ही गोष्टी त्यांच्या ठायीं एकजीव झाल्या होत्या. प्रार्थनामंदिरांत जें ऐकावयाचें तें घरांत आचरावयाचें, आणि घरांत जें आचरलें तेंच शाळेंत शिकवावयाचें, असा त्यांच्या आयुष्याचा सरळ हिशेब होता. हा हिशेब बोलावयास सोपा आहे. पन्नास वर्षें तो पाळावयाचा म्हणजे काय, तें आतां पाहूं.

त्यांचा जन्म १८३३ सालचा, दक्षिण हिंदुस्थानांतला. मूळ कुटुंब हिंदु. पुढें त्या ख्रिस्ती झाल्या. सुमारें बाराव्या वर्षीं सर फ्रान्सिस फोर्ड व लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज दांपत्यानें त्यांना कन्या म्हणून आपल्या घरीं आणिलें. पुढें स्वतःच्या मुलीला त्यांनीं कॉर्नेलिया हें नांव ठेविलें तें या मानलेल्या आईच्या स्मरणार्थ. अशा रीतीनें वयाच्या बाराव्या वर्षींच या मुलीच्या वाट्यास दोन घरें, दोन भाषा आणि दोन रीतिरिवाज आले. अशीं मुलें कधीं कधीं दोहींकडून तुटतात. फ्रान्सिनाबाईंनीं मात्र दोहींकडची वाट खुली ठेविली. इंग्रजी घरांतली शिस्त त्यांनीं उचलली, आणि ज्या देशांत आपण जन्मलों तेथील स्त्रियांचें दुःख तें आपलें दुःख, ही जाणीवही सोडिली नाहीं.

१८५३ सालीं त्यांचा विवाह सोराबजी खरसेटजी लांगराणा यांच्याशीं झाला. हे गृहस्थ जन्मानें पारशी. त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो काळ कसा होता, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८३९ सालीं मुंबईस डॉक्टर जॉन विल्सन यांच्याकडून धनजीभाई नवरोजी व होर्मसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पारशी समाजांत मोठाच क्षोभ उसळला आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें. त्या आगीची धग कायम असतांच तरुण सोराबजींनीं तीच वाट धरली. स्वकीयांनीं त्यांचा छळ केला; वल्हीं नसलेल्या होडींत बसवून, अन्नावांचून, त्यांना समुद्रांत सोडून देण्यांत आलें होतें, अशी हकीकत त्यांच्या कन्येनें नमूद केली आहे. ते त्यांतून वांचले, मिशनच्या कामांत शिरले व कालांतरानें धर्मोपदेशक झाले.

म्हणजे पाहा, या संसारांत धर्म दोघांनाही आयता मिळालेला नव्हता. दोघांनीं तो निवडला होता, आणि पतीनें तर त्याच्यापायीं सर्व गोतावळा गमावला होता. ज्याला आपल्या श्रद्धेची किंमत मोजावी लागली आहे तो मनुष्य पुढें दोनांपैकीं एका मार्गानें जातो. एक तर तो दुसऱ्यांच्या श्रद्धेविषयीं कठोर होतो, नाहीं तर विलक्षण मृदु होतो. या जोडप्यानें दुसरा मार्ग पत्करला असें त्यांच्या पुढील चरित्रावरून दिसतें. ज्या पारशी समाजानें सोराबजींना बाहेर काढलें, त्याच समाजाचा अभिमान बाळगावयास त्यांनीं आपल्या मुलांना शिकविलें. त्यांच्या मुली ख्रिस्ती धर्मांत वाढल्या, पण लुगडें नेसावयाच्या तें पारशी धर्तीचें, आणि आपण पारशी आहों असें त्या जन्मभर सांगत राहिल्या.

प्रथम त्यांचा मुक्काम नाशकास होता. नाशिकजवळच्या शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. अनाथ मुलें व गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें हुन्नर व विद्या शिकत. १८६६ सालच्या नोव्हेंबरांत कॉर्नेलियाबाईंचा जन्म नाशकासच झाला. तेथून कुटुंब बेळगांवास गेलें आणि मग पुण्यास येऊन स्थिरावलें.

आतां १८७६ सालचें पुणें डोळ्यांपुढें आणा. एकीकडे पेठा, दुसरीकडे लष्कर. मध्यें अंतर थोडें, पण जग निराळें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली त्यास २८ वर्षें होऊन गेलीं होतीं, तरी थोरामोठ्यांच्या घरांतून मुलगी शाळेस पाठविणें हें अजून धाडसच समजलें जाई. हुजूरपागेंतील मुलींचें हायस्कूल निघावयास अजून ८ वर्षें अवकाश होता. लष्करांत गोऱ्यांच्या मुलांची सोय निराळी, देशी ख्रिस्ती मुलांची निराळी, पारश्यांची निराळी. जशी वस्ती तशी शाळा, आणि जशी जात तशी वस्ती, असा तो मामला होता.

या पुण्यांत, १८७६ सालीं, फ्रान्सिनाबाईंनीं व्हिक्टोरिया हायस्कूल नांवाची शाळा उघडली. शाळेचें माध्यम इंग्रजी. प्रवेश मुलांना आणि मुलींनाही. आणि धर्माची, वंशाची कसलीच अट नाहीं. युरोपियन, युरेशियन, पारशी, हिंदु, मुसलमान, यहुदी, सर्वांना ती शाळा मोकळी होती. आज हें वाक्य ऐकतांना आपणांस कांहींच विशेष वाटत नाहीं, आणि न वाटावें हेंच योग्य. परंतु ज्या काळीं आगगाडीच्या डब्यांपासून क्लबाच्या दारापर्यंत गोऱ्या-काळ्यांची निवड होत असे, त्या काळीं गोऱ्या शिपायाचें मूल आणि पुण्याच्या वाण्याचें मूल एका छपराखालीं एकाच फळ्याकडे पाहात बसूं शकेल, अशी शाळा काढणें हें लहान काम नव्हतें. शाळेस सरकारी हुकमाचा आधार नव्हता. एका देशी बाईच्या मनांत आलें आणि तिनें तें केलें.

मीही जन्मभर मास्तरकी केली. तेव्हां अशी शाळा चालविणें म्हणजे काय, याची थोडीबहुत कल्पना मला आहे. सर्व जातींच्या मुलांस प्रवेश आहे असें नियमांच्या पुस्तकांत लिहिणें सोपें. खरी परीक्षा होते ती मधल्या सुट्टींत. पाणी कोणत्या भांड्यांतलें प्यावयाचें, डबा कोणाशेजारीं उघडावयाचा, कोणाच्या सणाची सुट्टी द्यावयाची, इतिहासाच्या धड्यांत कोणाच्या पूर्वजांस काय म्हणावयाचें, एका मुलानें दुसऱ्यास जातीवरून हिणविलें तर शिक्षा काय, हे प्रश्न दर दिवशीं नव्यानें उभे राहतात, आणि त्यांची उत्तरें कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत सांपडत नाहींत. तीं शिक्षकाच्या चेहऱ्यावरून मुलें वाचीत असतात. असें काम वर्षानुवर्षें करावयास अंगांत निष्ठा लागते. केवळ उदार मत पुरत नाहीं.

परंतु एवढ्यावरच बाई थांबल्या नाहींत. इंग्रजी शाळेचा लाभ लष्करांतल्या व सुखवस्तु घरांतल्या मुलांनाच मिळणार, हें त्यांच्या ध्यानांत आलें असलें पाहिजे. कारण त्यांनीं देशी भाषांतूनही प्राथमिक शाळा चालविल्या. एक मराठी, एक गुजराती आणि एक उर्दू. ज्या मुलाची जी मायबोली त्या भाषेंतून त्याला पहिलीं अक्षरें मिळावींत, ही दृष्टि आपणांस आज सर्वमान्य वाटते. इंग्रज घरांत वाढलेल्या व इंग्रजी शाळा चालविणाऱ्या बाईंनीं ती त्या काळीं प्रत्यक्षांत आणली, हें विशेष.

याशिवाय शिक्षिका तयार करण्याचा एक वर्गही त्या चालवीत. ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते. परंतु त्या काळच्या स्त्रीशिक्षणाची नाडी येथेंच होती. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली कीं आईबाप तिला पुरुष मास्तरापुढें बसूं देत नसत. म्हणजे मुली शिकावयास पाहिजेत तर शिकविणाऱ्या बायका पाहिजेत. पण शिकविणाऱ्या बायका मिळणार कोठून, तर शिकलेल्या मुलींतूनच. विहिरींत पाणी नाहीं म्हणून मोट चालत नाहीं, आणि मोट चालत नाहीं म्हणून मळा वाळतो, तसा तो फेरा होता. १८६६ सालीं विलायतेहून आलेल्या मेरी कार्पेंटर बाईंनीं हेंच ओळखून स्त्री-शिक्षिकांच्या विद्यालयांचा आग्रह धरिला होता. फ्रान्सिनाबाईंनीं तो फेरा आपल्या शाळेपुरता तोडावयाचें ठरविलें. मोठ्या मुलीनें धाकटीला शिकवावें, शिकवितां शिकवितां स्वतः शिक्षिका व्हावें, आणि पुढें आपल्या गांवीं जाऊन शाळा काढावी, हा असल्या वर्गांमागचा हेतु असे.

१८८२ सालीं सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाच्या चौकशीसाठीं सरकारनें कमिशन नेमिलें. याच कमिशनपुढें महात्मा फुल्यांनीं बहुजनसमाजाच्या प्राथमिक शिक्षणासाठीं आपलें निवेदन मांडलें, पंडिता रमाबाईंनीं स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य यांची गरज सांगितली, आणि फ्रान्सिनाबाई सोराबजींनींही साक्ष दिली. तिघांचे धर्म, तिघांचीं जीवितें किती भिन्न! तरी तिघेंही त्या वर्षीं एकच गाऱ्हाणें घेऊन सरकारच्या दारीं गेलीं कीं, शिक्षणाचा ओघ वरच्या वर जिरतो, तळापर्यंत पोहोंचत नाहीं. पुण्याच्या इतिहासांत हा योग स्मरणांत ठेवण्यासारखा आहे. दोघांचीं नांवें आपण आदरानें घेतों. तिसरें नांव मात्र मागें राहिलें.

शाळेचा व्याप वाढला तसा पैसा अपुरा पडूं लागला. शाळा काढणाऱ्या प्रत्येकाच्या चरित्रांत हें प्रकरण असतेंच. १८८६ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, फ्रान्सिनाबाई विलायतेस गेल्या आणि तेथें सभांतून हिंदुस्थानांतल्या स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं बोलून त्यांनीं आपल्या शाळांसाठीं मदत मागितली. पन्नाशी उलटलेल्या देशी बाईनें समुद्र ओलांडून परक्या देशाच्या सभेंत उभें राहणें, आणि तेंही स्वतःसाठीं नव्हे तर पुण्यांतल्या मुलांच्या बांकांसाठीं! ही हिंमत पुढें त्यांच्या मुलींच्या अंगीं जशीच्या तशी उतरली.

आतां त्यांच्या घरांत डोकावूं. घरांत मुली सात आणि मुलगा एक. ज्या समाजांत मुलगी झाली म्हणजे शेजारणी समाचाराला आल्यासारख्या येत, तेथें सात मुलींच्या आईकडे लोक कोणत्या नजरेनें पाहात असतील याची कल्पना आपण करूं शकतों. फ्रान्सिनाबाईंना मात्र त्यांत कमीपणा दिसला नाहीं. आपल्या देशांत स्त्रियांसाठीं करावयाचें काम अपार आहे, मग देवानें मुलीच अधिक दिल्या हें बरेंच झालें, अशी त्यांची दृष्टि होती. मुलींना त्यांनीं लहानपणापासून सांगितलें कीं, तुमचें शिक्षण हें तुमचें एकट्याचें धन नव्हे. तें कोणाच्या तरी कामीं आलें पाहिजे. प्रत्येकीनें आपल्याला कोणाची सेवा करावयाची आहे तें शोधावें, आणि त्या कामाची विद्या मिळवावी.

एक गोष्ट कॉर्नेलियाबाईंनीं १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिया कॉलिंग’ या आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. त्या लहान होत्या तेव्हां एक श्रीमंत गुजराती बाई त्यांच्या आईकडे रडत आली. ही बाई स्वतःच्या इस्टेटीची मालकीण. कारभार एका विश्वासू म्हटलेल्या माणसाच्या हातीं. त्यानें एके दिवशीं तिच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली, आणि त्या कागदावर मग हवें तें लिहून तिची सगळी इस्टेट गिळंकृत केली. बाई पडद्यांतली, परक्या पुरुष वकिलाला भेटणें तिला वर्ज्य, कोर्टाची पायरी चढण्याचा तर विचारच नको. फ्रान्सिनाबाईंनीं तिचें सर्व ऐकून घेतलें. परंतु कायद्यानें जें गेलें तें केवळ सहानुभूतीनें परत कसें यावें? ती बाई गेल्यावर त्यांनीं आपल्या लहान मुलीला तें सारें प्रकरण नीट समजावून सांगितलें. अशा बायकांना मदत करावी असें तुला वाटत असेल तर मोठेपणीं कायदा शीक, हा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबण्यासारखें आहे. घरीं कोणी रडत आलें म्हणजे आपण काय करतों? मुलांना खेळावयास बाहेर पाठवितों. हें मोठ्यांचें बोलणें आहे, असें म्हणतों. फ्रान्सिनाबाईंनीं मुलीला बाहेर पाठविलें नाहीं. दुसऱ्याचें दुःख हा तिच्या शिक्षणाचा एक धडा मानला, आणि त्या धड्याच्या शेवटीं स्वाध्यायही दिला. त्या काळीं हिंदुस्थानांत एकही स्त्री-वकील नव्हती. जो मार्ग अस्तित्वांतच नाहीं त्यावर आपल्या पोटच्या मुलीला चालावयास सांगणें, हें आईचें काळीज आणि शिक्षकाची दूरदृष्टि एकत्र आल्याशिवाय घडत नाहीं.

मुलगी त्या मार्गानें निघाली. थोरल्या बहिणींच्या वेळीं मुंबई विद्यापीठाचें दार स्त्रियांना बंद होतें. तें उघडावें म्हणून सोराबजींनीं खटपट केली, आणि १८८३ सालीं तें उघडलें. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेल्या. वर्गांत शिरूं लागतांच कांहीं मुलगे तोंडावर दार लावून घेत, तरी त्या अंतिम परीक्षेंत पहिल्या वर्गांत आल्या. त्या यशाबद्दल विलायतेस जाण्याची जी शिष्यवृत्ति मिळावयाची, ती केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नाकारली गेली. मग कांहीं काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत त्यांनीं मुलग्यांना शिकविलें, आणि इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविल्यावर १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याची परीक्षा त्यांनीं १८९२ सालीं दिली. पदवी हातीं पडावयास १९२२ साल उजाडलें. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स या खात्यांत त्या पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार होत्या. सहाशेंहून अधिक स्त्रियांना व अनाथ मुलांना त्यांनीं साह्य केलें असें म्हणतात. कोऱ्या कागदावर सही करून बसलेली ती एक बाई फ्रान्सिनाबाईंना वांचवितां आली नाहीं; तिच्यासारख्या शेंकडो बायका त्यांच्या मुलीनें वांचविल्या.

दुसरी कन्या ॲलिस डॉक्टर झाल्या. त्यांनीं डॉक्टर थिओडोर पेनेल या मिशनरी वैद्यांशीं विवाह केला आणि वायव्य सरहद्दीवरच्या बन्नू येथें पठाण स्त्रियांची शुश्रूषा केली. १९१२ सालीं पति निवर्तल्यावर त्यांचें चरित्रही त्यांनींच लिहिलें. तिसरी कन्या सूसी. यांनीं आईचा वारसा सरळ उचलला. प्रथम आईच्याच शाळांतून शिकविलें, आणि पुढें पुण्यास सेंट हेलेना ही मुलींची शाळा स्थापिली. १९३१ सालीं त्या वारल्या. शाळा आजही पुण्यांत चालू आहे. एकुलता मुलगा बॅरिस्टर झाला. एका घरांतून वकील, डॉक्टर आणि शिक्षिका निघाल्या, आणि त्याही त्या काळांत, जेव्हां सबंध हिंदुस्थानांत लिहितां-वाचतां येणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण शेंकडा एकही भरत नव्हतें.

येथवर सर्व गोड झालें. पण एक अवघड प्रश्न टाळून पुढें जाणें बरोबर होणार नाहीं. फ्रान्सिनाबाई निष्ठावंत ख्रिस्ती, पति धर्मोपदेशक, आणि शाळेंत मुलें सर्व धर्मांचीं. पालकांच्या मनांत शंका येत नसेल काय? पुण्याच्या हवेंत ती शंका होतीच, आणि ती अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. मिशनच्या शाळा धर्मप्रसारासाठींच निघाल्या हें मिशनरी स्वतः लपवीत नसत. १८९३ सालीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर हें वादळ कोसळलें. विधवा मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात असा बोभाटा झाला, न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितकर्त्यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. श्रद्धाळू शिक्षकानें परक्या धर्माच्या मुलास शिकवितांना आपली श्रद्धा कोठें ठेवावी, हा प्रश्न त्या वर्षीं सगळें पुणें विचारीत होतें.

मी या प्रश्नाचा विचार हिंदु शिक्षक म्हणून करतों. शाळेंत येतांना श्रद्धा घरीं ठेवून ये, असें शिक्षकास सांगणें व्यर्थ आहे. ज्याला श्रद्धा आहे तो ती कोटासारखी खुंटीवर टांगूं शकत नाहीं. पण श्रद्धेनें शिक्षकाकडून काय करविलें, तें आपण पाहूं शकतों. मूल आपल्या घरापासून तुटावें असें तिनें करविलें, कीं मूल आपल्या घराला अधिक उपयोगी व्हावें असें करविलें? फ्रान्सिनाबाईंनीं मराठी मुलासाठीं मराठी शाळा काढली, मुसलमान मुलासाठीं उर्दू शाळा काढली. ज्याला मूल घरापासून तोडावयाचें असतें तो त्याची भाषा आधीं तोडतो. बाईंनीं भाषा राखली. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा मी या एका गोष्टीवरून करतों, आणि तींत त्या उतरतात असें मला वाटतें. रविवारच्या प्रार्थनेंत शेजाऱ्यावर प्रीति करावयास सांगितलें जातें. सोमवारीं शाळेच्या बांकावर तो शेजारी निरनिराळ्या धर्मांच्या मुलांच्या रूपानें समोर बसलेला असे.

मग असें असतां या बाईंचा विसर कां पडला? कारणें उघड आहेत. शाळेचें नांव राणीचें, माध्यम इंग्रजी, धर्म ख्रिस्ती. राष्ट्रीय चळवळीचे वारे वाहूं लागल्यावर अशा संस्था परक्या वाटूं लागल्या. त्यांतच कॉर्नेलियाबाईंनीं पुढें इंग्रजी राज्याची बाजू उचलून धरिली, गांधीजींच्या चळवळीस विरोध केला, आणि १९२७ सालीं कॅथरिन मेयो बाईंच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकानें सारा देश दुखावला असतां त्या पुस्तकाची पाठराखण केली. तें आपल्या लोकांना रुचलें नाहीं, आणि मलाही रुचत नाहीं. १९५४ सालीं कॉर्नेलियाबाई लंडनमध्यें वारल्या तेव्हां या देशाशीं त्यांचा धागा बराच सैल झाला होता. मुलीच्या मतांची सांवली मागें सरकत सरकत आईच्या कामावरही पडली. पण मुलीच्या राजकारणाचा जाब आईच्या शाळेला विचारणें हा न्याय नव्हे. फ्रान्सिनाबाई १९१० सालींच निवर्तल्या होत्या.

दुसरें कारण मात्र आपल्या सर्वांच्या स्वभावांत आहे. शिक्षकाचें काम दुसऱ्यांच्या नांवावर जमा होतें. वकिलानें जिंकलेला खटला कागदावर राहतो, वैद्यानें वांचविलेला रोगी सांगत फिरतो. पण पहिली बाराखडी कोणी गिरवून घेतली, तें गिरविणाराही विसरतो. आईचें तर त्याहूनही तसेंच. आणि जी बाई आईही होती व शिक्षिकाही होती, तिच्या वांट्याला हें विस्मरण दुप्पट यावें यांत नवल काय?

पति सोराबजी १८९४ सालीं वारले. त्यानंतर सोळा वर्षें फ्रान्सिनाबाई होत्या. अखेरचीं वर्षें त्यांनीं नाशकास काढलीं. जेथें संसाराची सुरुवात झाली त्याच गांवीं त्या परत आल्या. १९१० च्या ऑक्टोबरांत त्यांचें देहावसान झालें. १९२४ सालीं कॉर्नेलियाबाईंनीं आईबापांचें एक छोटेखानी चरित्र इंग्रजींत प्रसिद्ध केलें, म्हणून निदान एवढी तरी हकीकत आपणांस उपलब्ध आहे. ज्या शिक्षिकांना लिहिणारी मुलगी लाभली नाहीं त्यांचें काय झालें असेल?

यासाठीं शेवटीं आपणांस एक विनंती करावयाची आहे. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरांत आजीचीं, पणजीचीं जुनीं पुस्तकें असतील, शाळेंत मिळालेलें बक्षिसाचें पुस्तक असेल, वर्गाचें एखादें पिवळें पडलेलें छायाचित्र असेल. त्या छायाचित्रांत मध्यभागीं खुर्चीवर बसलेली एक बाई बहुधा असते. ती कोण, कोठली, तिनें किती वर्षें शिकविलें, तिच्या घरीं कोण होतें, हें सांगणारीं माणसें अजून घरांत असतील तर त्यांना आजच विचारा, आणि छायाचित्राच्या पाठीमागें तें नांव पेन्सिलीनें लिहून ठेवा.